अर्थ हरवलेली जीप

संस्थापक दिनाच्या संचलनात सर्वांत पुढे धावलेली आपली हिरवी जीप तुम्ही पाहिली. पालकांनी तिच्याबरोबर फोटोही काढले. त्याआधीचे दहा दिवस मात्र ती वर्कशॉपमध्ये नुसती उभी होती. त्या दहा दिवसांत ऑटोमोबाइल क्लबच्या निधीतले पैसे वाया गेले आणि नववीतल्या एका कॅडेटला न केलेल्या चुकीची शिक्षा झाली. ती शिक्षा मी दिली होती.

दोष शेवटी सापडला तो हातभर लांबीच्या एका पट्टीत. तो कसा सापडला आणि पहिल्याच दिवशी का सापडला नाही, हे मराठी पानाच्या वाचकांपुढे मांडतो. ज्यांना गाड्यांची आवड आहे त्यांना यातून एक उपयोगी पद्धत मिळेल. ज्यांना ती नाही, त्यांनी निदान शेवटपर्यंत वाचावे.

काय घडले

जीप जुनी, पेट्रोलची, चार सिलिंडरची, १२ व्होल्ट बॅटरीवर चालणारी. दिवाळीच्या सुटीआधी क्लबच्या मुलांनी तिचे इंजिन खाली उतरवले, चेसिस घासली आणि सगळ्याला नवा रंग दिला. काम देखणे झाले. “एकही जागा रंगावाचून सुटता कामा नये,” असे मीच त्यांना बजावले होते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

रंगानंतर दोन आठवडे जीप ठीक चालू होत होती. मग संचलनाच्या सरावासाठी मुलांनी ती पाणी मारून धुतली. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला तर इंजिन जेमतेम अर्धा फेरा फिरले आणि अडकले. पुन्हा मारला तर नुसता ‘कट्’ असा आवाज.

आदल्या संध्याकाळी जीप गॅरेजमध्ये लावून किल्ली जमा करणारा कॅडेट समोरच उभा होता. मी विचारले, “रात्री लाइट चालू ठेवलास ना?”

“नाही सर. बंद केले होते. आत्ताही लाइट लख्ख लागताहेत, बघा सर.”

लाइट खरोखरच लख्ख होते. पण मी ते पाहिले नाही, ऐकलेही नाही. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षे काढलेल्या माणसाला नववीतला मुलगा काय सांगणार? मी त्याला तीन दिवसांची एक्स्ट्रा ड्रिल दिली.

बॅटरी रात्रभर चार्ज केली. फरक पडला नाही. मग नवी बॅटरी आणली. इंजिन किंचित जास्त फिरले, पण चालू झाले नाही. मग सेल्फ उतरवून शहरातल्या वाइंडिंगच्या दुकानात नेला. तिथल्या मिस्त्रीने तो बाकावर शिकंज्यात धरून थेट बॅटरी लावली. सेल्फ गरगर फिरला. मिस्त्री हिंदीत म्हणाला, सेल्फ ठणठणीत आहे, दोष गाडीत बघा. मी परत आलो, सेल्फ बसवला, आणि पुन्हा तोच ‘कट्’.

नवव्या दिवशी मी बॉनेटखाली डोके घालून उभा होतो. तोच कॅडेट आत बसून चोक ओढून सेल्फ मारत होता. शिक्षा भोगूनही तो क्लबला यायचा थांबला नव्हता. एकदम त्याने हात मागे घेतला. “सर, चोकची मूठ गरम झालीय!”

मी हात लावून पाहिला. चोकची केबल खरोखर चटका बसेल इतकी तापली होती. चोकच्या केबलमधून वीज जायचे काहीच कारण नाही, ती तर नुसती ओढायची तार. मग ती तापली कशाने? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जीपला ‘अर्थ’ मिळत नव्हता.

अर्थ म्हणजे परतीची वाट

मराठीत ‘अर्थ’ म्हणजे मतलब, पण गॅरेजमध्ये या शब्दाचा मतलब वेगळा आहे. घरातली अर्थिंगची वायर खरोखर जमिनीत जाते. गाडी रबरी टायरवर उभी असते, तिचा जमिनीशी काही संबंध नाही. गाडीतला अर्थ म्हणजे विजेची बॅटरीकडे परत येण्याची वाट.

बॅटरीच्या एका टर्मिनलमधून जितके ॲम्पियर बाहेर पडतात, तितकेच दुसऱ्या टर्मिनलमध्ये परत यावे लागतात. एकही कमी नाही. प्रत्येक दिव्याला, हॉर्नला आणि सेल्फला जाण्यासाठी एक आणि येण्यासाठी एक अशा दोन वायरी टाकल्या तर तांबे दुप्पट लागेल. म्हणून गाडी बनवणारे जाण्यासाठी वायर टाकतात आणि परतीसाठी गाडीचे लोखंडच वापरतात: बॉडी, चेसिस, इंजिनाचा ब्लॉक.

इथे एक अडचण येते. इंजिन थरथरते, म्हणून ते चेसिसवर रबराच्या माउंटिंगवर बसवलेले असते. रबरातून वीज जात नाही. म्हणजे विजेच्या हिशेबाने इंजिन हे लोखंडाच्या गाडीतले एक वेगळे बेटच. या बेटाला चेसिसशी जोडणारा पूल म्हणजे अर्थची पट्टी, तांब्याच्या बारीक तारा विणून केलेली. आमच्या जीपमध्ये बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल जाड केबलने चेसिसला जोडले आहे आणि चेसिसपासून इंजिनापर्यंत ही पट्टी आहे.

सेल्फ इंजिनावर बोल्टने बसवलेला असतो. इंजिन फिरवताना तो शंभर ॲम्पियरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त करंट ओढतो. हा सगळा करंट त्या एका पट्टीतून परत यायचा असतो. पट्टी बंद पडली की तो दुसऱ्या वाटा शोधतो: चोकची केबल, ॲक्सिलरेटरची दांडी, स्पीडोमीटरची केबल, सायलेन्सरचा पाइप. इंजिनाला आणि बॉडीला एकाच वेळी शिवणारे जे जे लोखंड असेल, त्यातून तो जातो. बारीक तारेतून इतका करंट गेला की ती तापणारच.

हे नुसते गैरसोयीचे नाही. चोकची केबल कार्ब्युरेटरला जोडलेली असते आणि कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल असते. तापलेल्या केबलने आणखी काही दिवस आमची वाट पाहिली असती, तर मला आज वेगळाच लेख लिहावा लागला असता.

आता कॅडेटच्या त्या वाक्याकडे परत या. लाइट लख्ख का होते? कारण त्यांची परतीची वाट बॉडीतून थेट चेसिसवर जाते, इंजिनाच्या पट्टीशी तिचा संबंध नाही. बॅटरी उतरलेली असती, तर सेल्फ मारताच लाइट विझायला आले असते. लाइट लख्ख आणि सेल्फ मेलेला, याचा सरळ मतलब असा की बॅटरी ठीक आहे आणि दोष सेल्फच्या वाटेत आहे. त्या मुलाने मला पहिल्याच मिनिटाला निदान सांगितले होते.

मीटरने दिलेली हूल

आता संशय पट्टीवर होता. मी मल्टिमीटर ओहमवर लावून एक टोक चेसिसला आणि दुसरे इंजिनाला टेकवले. आकडा आला ०.३ ओहम. दोन्ही टोके एकमेकांना लावली तरी तेवढाच आकडा, म्हणजे तो मीटरच्या स्वतःच्या वायरींचा. मुले म्हणाली, “सर, रेझिस्टन्स तर नाहीच!”

इथे बरेच लोक फसतात. ओहम मोजताना मीटर अगदी थोडा करंट सोडतो, मिलिॲम्पियरमध्ये. तेवढ्याला पट्टीची एक शाबूत तारसुद्धा पुरते. शिवाय सेल्फच्या वाटेत एका ओहमचा शंभरावा भागही त्रास देतो. शंभर ॲम्पियर गुणिले ०.०१ ओहम म्हणजे १ व्होल्ट गेला. इतका बारीक रेझिस्टन्स साध्या मीटरच्या ओहमवर दिसतच नाही. एक शिपाई पार करू शकतो त्या साकवावरून ट्रक जाईल की नाही, हे शिपायाला चालवून कळत नाही.

म्हणून जाड करंटची वाट तपासायची ती करंट वाहत असताना, आणि ओहम नव्हे तर व्होल्ट मोजून. याला व्होल्टेज ड्रॉप तपासणे म्हणतात. वाट चांगली असेल तर तिच्या दोन टोकांत व्होल्टेजचा फरक जवळजवळ नसतो. जिथे फरक दिसला, तिथे रेझिस्टन्स आहे.

आम्ही केलेले मापन

आधी सुरक्षितता. गाडी न्यूट्रलमध्ये घातली, हँडब्रेक ओढला. इंजिन चालू होऊ नये म्हणून इग्निशन कॉइलला करंट देणारी बारीक वायर काढली. हातातले कडे, अंगठी, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ उतरवले. बॅटरीजवळ ठिणगी नको, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. सेल्फ एका वेळी चार-पाच सेकंदच मारायचा आणि मध्ये त्याला थंड होऊ द्यायचे.

मीटर २० व्होल्ट डीसीवर लावला. एक कॅडेट सेल्फ मारणार, एक मीटर धरणार, एक आकडे लिहिणार. आकडे असे आले:

१. सेल्फ न मारता बॅटरीच्या दोन खुंट्यांवर: १२.५ व्होल्ट.
२. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन खुंट्यांवर: १०.९ व्होल्ट.
३. सेल्फ मारताना सेल्फचा स्टड आणि सेल्फची बॉडी यांच्यात: ७.६ व्होल्ट.

म्हणजे बॅटरी १०.९ देत होती आणि सेल्फला मिळत होते ७.६. वाटेत ३.३ व्होल्ट हरवत होते. पण जाताना की येताना?

४. बॅटरीची पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फचा स्टड: ०.३ व्होल्ट. जाण्याची वाट ठीक.
५. बॅटरीची निगेटिव्ह खुंटी ते सेल्फची बॉडी: ३.० व्होल्ट. चोर परतीच्या वाटेवर.

परतीच्या वाटेचे मग आम्ही तीन तुकडे केले.

६. निगेटिव्ह खुंटी ते तिच्यावरचा क्लॅम्प: ०.१ व्होल्ट.
७. क्लॅम्प ते चेसिस: ०.२ व्होल्ट.
८. चेसिस ते इंजिन: २.७ व्होल्ट.

तिन्हींची बेरीज बरोबर ३.० येते. बेरीज जुळली की मापन विश्वासाचे. एक सूचना: खुंटी आणि क्लॅम्प वेगळे मोजा. मीटरचे टोक क्लॅम्पवर न ठेवता शिशाच्या खुंटीवर टेकवा, कारण पुष्कळ वेळा त्या दोघांमध्येच पांढरा थर साचलेला असतो.

आता थोडे गणित. करंट १०० ॲम्पियर धरला, तर २.७ भागिले १०० म्हणजे ०.०२७ ओहम. एवढासा रेझिस्टन्स. पण त्यात जळणारी शक्ती २.७ गुणिले १००, म्हणजे २७० वॅट. आपल्या इलेक्ट्रॉनिक्स क्लबचा सोल्डरिंग गन २५ वॅटचा आहे. असे दहाहून जास्त सोल्डरिंग गन आमच्या चोकच्या केबलवर आणि पट्टीच्या जोडावर एकदम तापत होते.

खात्रीसाठी आणखी एक साधी युक्ती केली. जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनाच्या रंग नसलेल्या लोखंडाला, बॅटरी व कार्ब्युरेटरपासून लांब, लावले. म्हणजे पट्टीला बाजूला ठेवून वीजेला नवी वाट दिली. सेल्फ मारला आणि इंजिन झपझप फिरले. मीटर नसेल तर एवढी एकच चाचणी पुष्कळ सांगते.

दोष आणि दुरुस्ती

बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडले. अर्थला जोडलेले टर्मिनल नेहमी आधी सोडायचे आणि शेवटी जोडायचे. दुसरे आधी सोडताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो, पाना लाल होतो.

पट्टी काढली आणि सगळे उघड झाले. मुलांनी माझा हुकूम तंतोतंत पाळला होता. चेसिसवर पट्टी बसते त्या जागेवर रंग, इंजिनावरच्या जागेवर रंग, आणि पट्टी बसवल्यावर तिच्यावरही रंग. रंग विजेला अडवतो. सुरुवातीचे दोन आठवडे बोल्टच्या आट्यांमधून थोडाफार संपर्क मिळत होता, म्हणून जीप चालू होत होती. धुताना तिथे पाणी शिरले, आटे गंजले आणि तेवढाही संपर्क गेला. पट्टीच्या निम्म्याहून अधिक तारा एका टोकाशी तुटलेल्या होत्या, ते वेगळेच.

दुरुस्तीला अर्धा तास पुरला. दोन्ही जागा वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने रुपयाच्या नाण्याएवढ्या चकचकीत केल्या. आटे साफ केले. तांब्याची नवी विणलेली पट्टी, दातेरी वॉशर, बोल्ट घट्ट. पट्टीला थोडी ढील ठेवली, कारण इंजिन रबरावर हलते आणि ताणलेली पट्टी तुटते. जोड घट्ट झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली, म्हणजे पाणी शिरणार नाही. क्रम महत्त्वाचा आहे: आधी लोखंडाला तांबे भिडवायचे, मग झाकायचे. आम्ही उलटे केले होते.

पुन्हा तीच मापने घेतली. सेल्फ मारताना बॅटरीवर १०.४, सेल्फवर ९.८. जाण्याच्या वाटेत ०.३५ आणि परतीच्या वाटेत ०.२५. बॅटरीवरचा आकडा आधीपेक्षा कमी झाला म्हणून मुले गोंधळली. पण तेच बरोबर आहे. वाट मोकळी झाली, सेल्फ पोटभर करंट ओढू लागला, म्हणून बॅटरीवर भार वाढला. कॉइलची वायर जोडली, चोक ओढला आणि जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली. चोकची मूठ थंडगार.

जुन्या गाड्यांसाठी आणखी थोडे

घरी जुनी गाडी असेल तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, ६ व्होल्टच्या गाड्यांत अर्थ आणखी नाजूक असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपला ६ व्होल्टची यंत्रणा होती. तेवढीच शक्ती हवी तर ६ व्होल्टवर करंट दुप्पट लागतो, म्हणून त्याच रेझिस्टन्समध्ये व्होल्टेजही दुप्पट हरवते, आणि हरवते ते निम्म्या भांडवलातून. म्हणजे फटका चौपट.

दुसरी, १९६० च्या दशकापर्यंतच्या पुष्कळ ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टर्मिनल बॉडीला जोडलेले असे. अशा गाडीला आजच्या सवयीने बॅटरी लावली तर नुकसान होते. आधी पाहा, मग जोडा.

तिसरी, अर्थचा दोष फक्त सेल्फमध्ये दिसत नाही. एक हेडलाइट मंद, साइड दाखवताना भलताच दिवा लुकलुकणे, हेडलाइट लावताच तापमानाचा काटा हलणे, डायनॅमो ठीक असून बॅटरी चार्ज न होणे, अशा वेळी सुटा भाग बदलण्याआधी त्याचा अर्थ तपासा.

त्या तीन दिवसांबद्दल

बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. निम्मी असेल तर १२.२ च्या आसपास. रात्रभर लाइट जळले असते, तर आकडा १२ च्याही खाली असता. पहिल्या दिवशी सकाळी मीटर माझ्या टेबलाच्या खणात होता. अर्ध्या मिनिटात कळले असते की बॅटरी भरलेली आहे आणि हा मुलगा खरे बोलतो आहे. मी मोजले नाही, कारण उत्तर मला आधीच ठाऊक आहे असे मला वाटत होते.

नवी बॅटरी आम्ही दुसऱ्या गाडीला वापरली, ते पैसे अगदीच बुडाले नाहीत. एक्स्ट्रा ड्रिल मात्र परत करता येत नाही. म्हणून ज्या फॉल-इनमध्ये शिक्षा सुनावली होती, तिथेच सर्वांसमोर उभे राहून मी त्या कॅडेटची माफी मागितली. तो म्हणाला, “जाऊ द्या ना सर.” जीपच्या लॉगबुकात दोषाच्या रकान्यात ‘अर्थच्या पट्टीखाली रंग’ असे लिहिले आणि कारणाच्या रकान्यात माझे नाव. संचलनाच्या दिवशी जीपच्या पुढच्या सीटवर तो बसला होता.

क्लबमध्ये आता एक नियम आहे: आकडा लिहिल्याशिवाय सुटा भाग बदलायचा नाही, आणि कोणाला जबाबदारही धरायचे नाही. हा नियम इन्स्ट्रक्टरलाही लागू आहे.

स्वतः सोडवा

१. सेल्फ मारताना बॅटरीवर १०.६ व्होल्ट आणि सेल्फवर ८.९ व्होल्ट आहेत. जाण्याच्या वाटेत १.४ व्होल्ट हरवतात. परतीच्या वाटेत किती? कोणती बाजू आधी तपासाल?

२. एका जोडाचा रेझिस्टन्स ०.०२ ओहम आहे. ४ ॲम्पियरच्या हेडलाइटच्या वाटेत तो किती व्होल्ट खाईल? १२० ॲम्पियरच्या सेल्फच्या वाटेत किती? एकच जोड दिव्याला चालतो आणि सेल्फला का चालत नाही?

३. सेल्फ मारताच हेडलाइट पार विझतात. आमच्या जीपचाच दोष असेल का? कारण लिहा.

उत्तरे वहीत लिहून शनिवारी वर्कशॉपमध्ये आणा. मीटर खणात नाही, आता भिंतीवर टांगलेला आहे.